मार्थाबाईचा उपास

उपवासकाळ जवळ आला की माझं डोकं फिरतं, हे आता माझ्या सुनेलाही पाठ झालंय. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. आमच्या लहानपणी त्याला कोणी लेंट म्हणत नव्हतं, नुसतं 'उपास' म्हणत. उपास लागला, उपास सुटला. आता नाव इंग्रजी झालंय आणि चर्चच्या मोबाईलच्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज पडायला लागतात. या लेंटमध्ये साखर सोडा. रोज सकाळी चालायला जा. रात्रीचं जेवण लवकर उरका. वर वधस्तंभाचं चित्र, खाली सफरचंदाचं. सून म्हणते, "आई, चांगलंच तर सांगून राह्यले ते. तुम्ही काहून चिडता?" चांगलंच सांगतात, नाही कोण म्हणतं! मी फोन पालथा ठेवते आणि चहात एक चमचा साखर वरून जास्त टाकते. डॉक्टरनं बंद केलेली साखर. या वयात मला कोण काय म्हणणार आहे?

काहून चिडते ते मी घरात कधी धड सांगितलं नाही. सांगायला बसलं की आवाज चढतो आणि मग ऐकणारा माझ्या रक्तदाबाचीच काळजी करत बसतो. म्हणून लिहून टाकते.

आम्ही घाटंजीला राहत होतो, चर्चच्या कंपाउंडात, मुलींच्या बोर्डिंगच्या मागच्या दोन खोल्यांत. आई, तिचं नाव मार्था, बोर्डिंगची स्वयंपाकीण होती. बाबांचं नाव शमुवेल. ते जिनिंगमध्ये काट्यावर होते, बैलबंड्या भरभरून आलेला कापूस तोलायचं काम. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर आणि कानातल्या केसांवर कापसाचं पांढरं बसलेलं असायचं. आई ओल्या फडक्यानं त्यांची मान पुसून द्यायची आणि ते खाटेवर बसून पुसून घ्यायचे, जसं काही हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क. बोर्डिंगचा स्वयंपाक म्हणजे पहाटेच दोन चुली पेटायच्या. ज्वारीच्या भाकरीची चळत माझ्या कमरेएवढी, तुरीचं वरण, कधी चून म्हणजे पिठलं, कधी आलू-वांगं, आणि सोबत लसूण-तिखटाचा तेलातला भुरका. तो भुरका आईसारखा कोणाला जमला नाही. भाकर थापता थापता ती गाणी म्हणायची. थापेवरच ताल धरायची. हापशीवर पाणी भरणाऱ्या मुली दुसरी ओळ उचलायच्या, मग आई तिसरी, असं सगळ्या कंपाउंडात गाणं फिरून यायचं. रविवारी उपासनेत पहिला सूरही तिचाच. पेटीवाले मास्तर तिच्याकडे बघत थांबायचे, ती तोंड उघडायची, मगच त्यांची बोटं हलायची. तोंड असं मोठं उघडून गायची की रविवारशाळेतली पोरं तिच्या दाढा मोजायची आणि हसायची.

घरातला दुसरा आवाज खर्र्याचा. यवतमाळातल्या माणसाला खर्रा काय ते सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारीची कातर, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि ती पन्नी पाटीवर ठेवून तळहातानं घोटत राहायची, एकजीव होईपर्यंत. बाबांना पानठेल्यावरचा चालत नसे. घरचाच पाहिजे, बायकोच्या हातचाच. पहाटे मला जाग यायची ती त्या खर्र-खर्र आवाजानं, भाकरीची थाप त्याच्या मागून. चुना कमी पडला तर बाबा म्हणायचे, "काय माती घोटली काय वं?" आणि जास्त झाला तर जीभ भाजली म्हणून पन्नी अंगणात भिरकावून द्यायचे. म्हणून आई द्यायच्या आधी चिमूटभर आपल्या तोंडात टाकून बघायची. स्वयंपाकीणच ती, चव घेतल्याशिवाय ताट वाढायची सवयच नव्हती तिला. रोज चव घेता घेता तिलाही तो लागला. गालात एक चिमूट धरून चुलीपुढं बसायची. पदराच्या गाठीत स्वतःची एक लहानशी पन्नी बांधून ठेवायची. मला ते दिसत होतं, बोर्डिंगच्या मोठ्या मुलींना दिसत होतं. बाबांनाही दिसत असणारच. पण चर्चच्या कंपाउंडात राहणारी, पहिला सूर लावणारी बाई खर्रा खाते, असं तोंडातून काढायची कोणाची टाप नव्हती.

मी नववीत होते तेव्हा नगरकडून नवे पाळकसाहेब आले. तरुण, सडसडीत, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पहाटे कंपाउंडाला फेऱ्या मारणारे. बोलणं गोड, शुद्ध. आम्ही 'मले-तुले' करणारे लोक, आमच्या पोरीही 'जातो-येतो' म्हणणाऱ्या, त्यांच्यासमोर उगाच 'मला-तुला' करायला लागलो. माणूस वाईट नव्हता, हीच तर कटकट आहे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचं म्हणणं, उपवासकाळात नुसतं मटण सोडून काय होतं? ईस्टरला दुप्पट खाता. देह हे देवाचं घर आहे, तर घर झाडा, वाईट सवयी बाहेर टाका, चांगल्या आत घ्या. पहिल्या बुधवारच्या उपासनेत त्यांनी वेदीपुढं एक मोठी टोपली ठेवली आणि म्हणाले, ज्याला जे सोडायचं ते इथं आणून टाका.

काय गर्दी झाली सांगू! पुरुष उठले. विड्यांची बंडलं पडली, तंबाखूच्या डब्या पडल्या. बाबा सगळ्यात शेवटी उठले, मुद्दाम. खिशातून पन्नी काढली, चुन्याची डबी काढली, दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवली आणि टोपलीत टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या. मग पाळकसाहेब बायकांच्या बाजूला वळले. बायकांनी सोडायचं म्हणजे काय, तर चहा, साखर, दुसरीची चुगली. हसत-खिदळत बायका एकेक सांगत होत्या. आई माझ्या शेजारी होती. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला. गाठ तिनं अर्धी सोडलीसुद्धा. मी शपथेवर सांगते, ती उठत होती.

"मार्थाबाई," पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही काय सोडणार?"

तिनं उत्तर द्यायच्या आत पुरुषांच्या बाजूनं बाबा बोलले, "तिले काही येसनच नाई, साहेब. ती काय सोडते!"

सगळे हसले. कौतुकानंच हसले. आई खाली बसली आणि गाठ पुन्हा घट्ट बांधली. त्या हसण्याचा आवाज माझ्या कानातून अजून गेला नाही. बाबांचा मला राग येतो, अजूनही येतो, आणि मेलेल्या माणसाचा राग धरू नये असं मला कोणी सांगू नये.

आईच्या गालात आतून तेव्हाच काहीतरी झालं होतं. भाजीचा रस्सा लागला की ती डोळे मिटून घ्यायची. आधी तिनं भुरका सोडला, मग भाजी. मग तिचा जबडाच आवळत गेला. भाकरीचा तुकडा ती बोटांनी चुरून चुरून दातांच्या फटीतून आत ढकलायची. पुढं तेही होईना. ज्वारीच्या पिठाची आंबील पातळ करून वाटीनं प्यायला लागली, तीही मान तिरपी करून. गाताना ओठांतल्या ओठांत. पेटीवाले मास्तर आता तिच्याकडे बघत नसत, आपणच सूर लावायचे. बोर्डिंगात पन्नास पोरी तिच्या हातचं खाऊन बोटं चाटत होत्या, आणि ती चुलीच्या धगीला बसून आंबील पीत होती.

आता हेच दुसऱ्या कुठल्या महिन्यात झालं असतं, तर शेजारणीनं विचारलं असतं, "काय वं मार्था, जेवत काहून नाईस?" पण हा उपास होता! उपासात बाई जेवत नाही म्हटल्यावर कोण कशाला विचारतो? पाळकीणबाईंनी पहिल्यांदा पाहिलं आणि साहेबांना जाऊन सांगितलं, की मार्थाबाईंना सोडायला काही व्यसन नाही, म्हणून त्यांनी अन्नच सोडलंय. आठवड्यात ते कंपाउंडभर झालं. त्यात आमच्याकडची शिकवण अशी, की उपास करणाऱ्यानं सुतकी तोंड करून फिरू नये. तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, उपास जगाला दाखवू नये. आई बिचारी रोज तेल लावून चापूनचोपून वेणी घालायची, दुखण्याचं चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. लोक म्हणायचे, बघा, याला म्हणतात खरा उपास. पाळकसाहेबांनी रविवारी वेदीवरून तिचं नाव घेतलं. साधं खाणं, कमी खाणं, तिखट-तेलकट नाही, मार्थाबाईंकडून शिका म्हणाले. बायका तिला विचारायला लागल्या, "मार्थाबाई, वजन किती उतरलं हो?"

मी बाबांना सांगितलं. ते खाटेवर होते.

"बाबा, आईले जेवता येत नाई. तिचं तोंड उघडत नाई."

"उपास हाये तिचा. तुले नाई समजत त्यातलं."

"उपास नोहे थो. दुखून राह्यलं तिले."

"चूप बस!" ते म्हणाले. "साहेब भर उपासनेत नाव घेऊन राह्यले तुह्या मायचं. दुसऱ्याच्या मायचं घेते काय कोनी?"

मग मी पाळकीणबाईंकडे गेले. त्या अंगणात गहू निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळा, चांगल्या उपासाच्या वेळी सैतान घरातल्याच माणसाच्या तोंडून बोलतो. प्रार्थना कर हं." चौदा वर्षांच्या पोरीला सैतान म्हटलं आणि हातावर बिस्कीट ठेवलं. ते बिस्कीट मी वाटेत कोंबड्यांना टाकलं.

आणि रविवार! ते तर सांगायचंच राहिलं. उपासाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, हे पाळकसाहेबांनीच कधी समजावून सांगितलं होतं. बाबांनी शास्त्रातलं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही, एवढं बरोबर ठेवलं. शनिवारीच सुपारी-तंबाखू आणून ठेवायचे आणि रविवारी पहाटे खाटेवरून आवाज द्यायचे, "आज रविवार हाये. घोट वं." आई घोटायची. सवयीनं चव बघायची. चुना त्या जखमेला लागला की तिचं सगळं अंग आखडायचं, डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती तशीच घोटत राहायची. एकदा मी पाटी ओढली. म्हटलं, "दे, मी घोटतो."

तिनं माझ्या हातावर चापट मारली. तिनं मला कधी हात लावला नव्हता. दातांआडून म्हणाली, "तू नोको शिवू याले. कधीच नोको शिवू."

मग मी तिला मऊ खिचडी करून दिली, तूप घालून, पार गरगट. चमचा तिरपा करून पाहिला, जाईना. बोटानं भरवायला गेले तर तिनं माझा हात धरला आणि खाली ठेवला. मी रडायला लागले. "आई, तुले भूक नाई लागत काय वं?"

"भूक लय हाये, पोट्टे," ती म्हणाली. "तोंडच नाई."

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारची मोठी उपासना असते. उन्हाळा लागलेला, वर छताचे कवेलू तापलेले, पंखे दोनच. उपवासात काय मिळालं त्याची साक्ष द्यायला पाळकसाहेबांनी लोकांना पुढं बोलावलं. एकजण म्हणाला विडी सुटली, एकजण म्हणाला पहाटे उठायला लागलो. बाबा पुढं जाऊन म्हणाले की खर्रा सुटला. भर चर्चमध्ये, वधस्तंभाकडे तोंड करून म्हणाले! मी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होते. मग साहेबांनी आईला बोलावलं. ती नको नको म्हणत होती, बायकांनी ढकलून उठवली. ती पुढं गेली, पदर नीट केला. मला वाटलं ती आता गाणं म्हणेल, तिला बोलण्यापेक्षा तेच जमायचं.

"मले खाता येत नाई," ती म्हणाली.

दात मिटलेले, पण शब्द स्पष्ट. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले असतील. एवढी साधी गोष्ट. बोर्डिंगमधली पहिलीतली पोरगी मेट्रनला येऊन सांगते तेवढी साधी. आणि पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, "ऐकलंत? प्रभूच्या दुःखापुढं या बहिणीला घास उतरत नाही." सगळ्या चर्चनं 'आमेन' म्हटलं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आपल्या जागेवर येऊन बसली आणि पुढच्या सगळ्या उपासनेत तिनं मान वर केली नाही.

ईस्टरला आम्ही उजाडायच्या आत कब्रस्तानात जातो. मेणबत्त्या लावायच्या, गाणी म्हणायची, सूर्य वर आला की एकमेकांना सलाम करायचा. तिथून घरी आलो आणि बाबा खाटेवर टेकले नाहीत तोच म्हणाले, "सुटला बाप्पा उपास! घोट वं मार्था, चांगला कडक घोट." आईनं पाटी घेतली. ईस्टरच्या सकाळी, नवं लुगडं नेसून, ती खर्रा घोटत बसली. मी दारात उभी राहून त्या दोघांकडे बघत होते.

दुपारी बोर्डिंगच्या अंगणात पंगत होती. मटण आईनंच केलं होतं, पहाटेपासून मसाला वाटून. चाखून बघता येत नव्हतं, नुसत्या वासावर मीठ घातलं होतं, आणि बरोबर पडलं होतं. ताटं वाढून झाली. पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले की आज आधी मार्थाबाईंचा उपास सुटू द्या, मग आपण जेवू. त्यांनी स्वतः पोळीचा घास केला, रश्श्यात बुडवला आणि तिच्या हातात दिला. "घ्या बाई. उपवास संपला." सगळी पंगत तिच्याकडे बघत होती. बाबा तर छाती काढून बसले होते.

आईनं घास तोंडाशी नेला. ओठ उघडले, दात उघडले नाहीत. तिनं घास बोटांनी दाबला, बारीक केला, पुन्हा लावला. रस्सा हनुवटीवरून नव्या लुगड्यावर सांडला. पुन्हा लावला. आता उपास नव्हता. रस्सा जखमेला लागला असावा, कारण तिच्या घशातून एक आवाज आला. असा आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. घास खाली पडला. त्याला रक्त लागलेलं होतं.

"अगा माय!" पंगतीतून एक म्हातारी म्हणाली. "हिचं तोंड लागलं हाये!"

मग काय केलं असेल लोकांनी? गाडी बोलावली? नाही. पाळकसाहेबांनी तिच्या जबड्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. लांबलचक प्रार्थना. वाढलेल्या ताटांवर माश्या बसत होत्या, आई उन्हात डोळे मिटून उभी होती. आमेन झालं आणि लोक जेवायला बसले. काय करणार, मटण निवत होतं. मी आईला आत नेलं, तोंड पुसलं आणि बाबांना जाऊन सांगितलं, "उद्या पहिल्या गाडीनं यवतमाळले नेलं नाई ना तिले, तर मी जिनिंगमध्ये येऊन सगळ्यायसमोर बोलतो." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही तिघं निघालो.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बॅटरी लावून आईच्या दातांच्या फटीतून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "किती दिवस झाले?" बाबा म्हणाले, "उपास चालू होता जी." डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, "तंबाखू, खर्रा, काय खातात या?"

"छे, छे. बाईमाणूस हाये," बाबा म्हणाले. "मी खातो. ती नाई खात."

आईनं पदर तोंडावरून बाजूला केला.

"खाते," ती म्हणाली. "यायचा खर्रा घोटता घोटता. लय वर्सं झाले."

पदराची गाठ सोडून तिनं ती लहानशी पन्नी टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "महिनाभर आधी यायला पाहिजे होतं, मावशी." महिनाभर आधी! महिनाभर आधी तर वेदीवरून तिचं नाव घेत होते. बाहेर आल्यावर बाबा व्हरांड्यात बसले आणि काय म्हणाले असतील? "चार लोकात नाक कापलं वं तू माह्यं." बाकी तिच्या जबड्याचं काय होणार, ते विचारलंसुद्धा नाही.

पुढं नागपूर झालं. जबड्याचा एक भाग काढला. तिथून आली तेव्हा अर्धा चेहरा पदराआड. नळीनं पातळ घालायचं, ते मी घालायची. शाळेत जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. बोर्डिंगात दुसरी बाई लागली. हापशीवरच्या मुली आईच्या दारासमोर गाणं म्हणत नसत, तिला वाईट वाटेल म्हणून. पण ते न म्हणण्याचंच तिला वाईट वाटायचं, मला माहीत होतं. तिनं पुढचा एक ईस्टर पाहिला. त्याच्या पुढचा नाही. बाबांनी खर्रा सोडला का, असं लोक विचारतात. सोडला ना, दर उपासात सोडला आणि दर ईस्टरला धरला. ऐंशी ओलांडून, झोपेत, सगळे दात शाबूत ठेवून गेले.

आईच्या मातीला पाळकसाहेबांनीच प्रार्थना केली. तिच्या उपासाची गोष्ट त्यांनी तिथंही सांगितली, त्यातली पंगत गाळून. ते बदलून गेले, नवे आले, ते गेले, पण गोष्ट राहिली. घाटंजीच्या त्या चर्चमध्ये आजही पोरांना सांगतात, उपास करावा तर मार्थाबाईसारखा. मरायच्या आधी एक ईस्टर पोटभर जेवली असती तर मी काहीही ऐकून घेतलं असतं. पण ती उपाशी गेली.

मागच्या वर्षी तिथल्या महिला मंडळानं उपवासकाळात चांगल्या सवयींचा कार्यक्रम ठेवला आणि मला बोलावलं. मार्थाबाईंची मुलगी म्हणून दोन शब्द बोला म्हणाले. सून म्हणाली नका जाऊ, तुमचा बीपी वाढतो. मी गेले. चर्चला आता फरशी बसली आहे, पंखे भरपूर आहेत, टोपली मात्र तशीच वेदीपुढं, आणि तिच्यात पोरांनी टाकलेल्या खर्र्याच्या पन्न्या. मला हार घातला. आईची गोष्ट एका तरुण मुलीनं फार छान सांगितली, मला रडू आलं असं वाटून तिनं मला पाणीही दिलं. मग माईक माझ्या हातात आला.

मी म्हटलं, "माझ्या आईनं उपास केला नव्हता. तिच्या तोंडात जखम होती, तिचं तोंड उघडत नव्हतं. तिला रोज भूक लागत होती आणि आपण तिच्यासमोर बसून जेवत होतो."

एवढं बोलून मी श्वास घ्यायला थांबले. अजून पुष्कळ बोलायचं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी सवयीनं म्हणालं, "आमेन."

मग सगळ्यांनीच म्हटलं.